तुळजाभवानीच्या तीन निद्रा

भाद्रपद वद्य अष्टमीच्या संध्याकाळी तुळजापूरच्या गाभाऱ्यात जे घडते, तसे महाराष्ट्रातल्या फार थोड्या देवळांत घडत असेल. भोपे पुजारी देवीला सिंहासनावरून उचलतात, शेजघरात नेतात आणि पलंगावर निजवतात. तिथून पुढे घटस्थापनेच्या पहाटेपर्यंत देवी निजलेलीच असते. सिंहासनावरचे नित्याचे अभिषेक थांबतात आणि भाविक निजलेल्या देवीचेच दर्शन घेऊन परततात. या निद्रेला घोरनिद्रा म्हणतात. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की देवी पुन्हा निजते ती आश्विन पौर्णिमेपर्यंत, ती श्रमनिद्रा. पौष महिना लागला की शाकंभरी नवरात्राच्या आधी आणखी आठवडाभर निजते, ती मोहनिद्रा. तिन्ही मिळून वर्षातले जवळपास तीन आठवडे महाराष्ट्राची ही कुलस्वामिनी झोपेत असते.

तुळजाभवानीविषयी लिहिताना बहुतेक जण तिची आयुधे, तिने मारलेला राक्षस आणि छत्रपतींना दिलेली तलवार यांपासून सुरुवात करतात. ते योग्यच आहे. परंतु आमच्यासारख्या, जिच्या नावाने घरात पिढ्यान्‌पिढ्या परडी भरली गेली त्या लातूर-धाराशिवकडच्या घरांत देवीचे वर्ष ओळखले जाते ते तिच्या निजण्याने आणि उठण्याने. ‘आई निजली’ असे कुणी म्हणाले की घटाची तयारी सुरू होते आणि ‘आई उठली’ की पायी निघालेल्यांचे चालणे सार्थकी लागते. या देवीची कथा, तिची मूर्ती आणि तिची उपासना यांना एकत्र बांधणारा धागा शोधायचा असेल तर तो तलवारीपेक्षा या पलंगाशी अधिक सापडतो, असे माझे मत आहे.

आधी मूर्ती पाहू. गंडकी शिळेची, सुमारे तीन फूट उंचीची, अष्टभुजा महिषासुरमर्दिनी असे तिचे वर्णन केले जाते. त्रिशूळ, बिचवा, बाण, चक्र, शंख, धनुष्य आणि पानपात्र ही सात हातांत, आणि आठव्या हातात राक्षसाची शेंडी धरलेली आहे. पायाशी महिषासुर आहे, जवळ सिंह आहे, वर चंद्र-सूर्य आहेत, आणि खाली मार्कंडेय ऋषी व तप करणारी अनुभूती कोरलेली आहे. या आठांतले पानपात्र मला नेहमी विशेष वाटते. देवीमाहात्म्यात महिषासुराला मारण्यापूर्वी देवी क्षणभर थांबून मधुपान करते, तिचे डोळे लाल होतात, आणि ‘मी पिते आहे तोवर गर्जून घे’ असे ती त्याला सुनावते. युद्धाच्या ऐन मध्यावर इतक्या निवांतपणे थांबणारा योद्धा आपल्या पुराणांत दुसरा आठवत नाही. परंतु रांगेतून गाभाऱ्यासमोर पोहोचलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसते ते भरजरी लुगडे, दागिने, कपाळभर मळवट आणि दोन डोळे. आठ हात आणि राक्षस वस्त्राखाली झाकलेले असतात. मूर्तिकाराने युद्ध कोरले आणि भक्तांनी त्यावर लुगडे नेसवून आई केली, असे म्हटले तरी चालेल.

कथेतही हेच दोन पदर आहेत. देवीमाहात्म्य हा मार्कंडेय पुराणाचा भाग; त्याचे अध्याय १३. त्यात महिषासुराने सगळ्या देवांना स्वर्गातून हाकलून दिलेले असते, मग सर्व देवांचे तेज एकत्र येते, त्यातून देवी प्रकटते आणि प्रत्येक देव तिला आपापले शस्त्र देतो. ही मोठी, विश्वव्यापी कथा झाली. तुळजापूरची स्थानिक कथा मात्र एका बाईची आहे. कर्दम ऋषींच्या मृत्यूनंतर त्यांची पत्नी अनुभूती सहगमनास निघाली, पण पदरात तान्हे मूल असल्यामुळे तिला थांबावे लागले. मंदाकिनी नदीच्या काठी ती तप करू लागली असता कुकुर नावाच्या दैत्याने तिची छेड काढली. तिने देवीचा धावा केला, देवी धावून आली, दैत्याने महिषाचे रूप घेतले आणि देवीने त्याला मारले. मग अनुभूतीच्याच विनंतीवरून देवी या बालाघाटच्या डोंगरात, यमुनाचलावर राहिली. इथे स्वर्ग गेलेला नाही आणि देवांची सभाही भरलेली नाही. एक विधवा, तिचे मूल आणि तिची वाट अडवणारा एक बळजोर, एवढीच ही गोष्ट. मराठवाड्यातल्या बायका जेव्हा ‘आई राजा उदो उदो’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात देवांच्या तेजाचा पर्वत नसतो, ही अनुभूती असते, असे मला वाटते. आई आणि राजा हे दोन शब्द एकाच श्वासात एकाच व्यक्तीला उद्देशून म्हणणारी ही आरोळी आहे.

ही मूर्ती चल आहे, म्हणजे ती जागेवरून हलवता येते, आणि ही गोष्ट या सगळ्या उपासनेचा पाया आहे. अफजलखानाच्या १६५९ च्या स्वारीत तुळजापूरच्या देवळाला उपद्रव झाला आणि मूर्ती आधीच हलवल्यामुळे वाचली, असे परंपरा सांगते. पुढे शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये प्रतापगडावर भवानीची स्थापना केली, त्यामागे तुळजापूरला जाणे अवघड झाल्याचे कारण सांगितले जाते. चल मूर्तीचा हा राजकीय उपयोग झाला. परंतु देवी हलते याचा खरा अर्थ शांततेच्या काळातच कळतो. जी उचलता येते तिला निजवता येते, पालखीत बसवता येते, प्रदक्षिणेला नेता येते. आणि जिला दमवता येते तिला विश्रांतीही द्यावी लागते.

घोरनिद्रेचे कारण सांगताना पुजारी म्हणतात की महिषासुराशी युद्ध करण्यापूर्वी देवी बळ साठवते. हे पटण्यासारखे आहे, परंतु यात आणखी एक पदर आहे. आषाढ शुद्ध एकादशीला विष्णू झोपी जातो तो कार्तिक शुद्ध एकादशीला उठतो. म्हणजे शारदीय नवरात्र ऐन चातुर्मासात, जगाचा पालनकर्ता झोपलेला असताना येते. आणि देवीमाहात्म्याची पहिलीच कथा विष्णूच्या झोपेची आहे. प्रलयाच्या पाण्यावर शेषशय्येवर विष्णू निजलेला असताना मधु आणि कैटभ हे दैत्य ब्रह्मदेवाला मारायला धावतात. ब्रह्मदेव विष्णूला हाक मारत नाही. तो विष्णूच्या डोळ्यांत वस्ती करून राहिलेल्या योगनिद्रेची स्तुती करतो, कारण ती बाहेर पडल्याखेरीज विष्णू उठणार नाही हे त्याला माहीत असते. देवी डोळ्यांतून बाहेर येते, विष्णू जागा होतो आणि पाच हजार वर्षे त्या दैत्यांशी झुंजतो. याच ग्रंथात पुढे देव तिची स्तुती करताना ‘या देवी सर्वभूतेषु निद्रारूपेण संस्थिता’ असे म्हणतात. सगळ्या प्राणिमात्रांत झोप होऊन राहिलेली जी, तिलाच तुळजापुरात दरवर्षी पलंगावर निजवतात. यातली गंमत पुजाऱ्यांनाही माहीत असणार, कारण नवरात्रातल्या अलंकार महापूजांमध्ये शेषशायी अलंकार ही एक पूजा असते आणि त्या दिवशी देवी विष्णूच्या निद्रारूपात मांडली जाते. रथ अलंकार, मुरली अलंकार, भवानी तलवार अलंकार आणि महिषासुरमर्दिनी अलंकार या इतर पूजांची छायाचित्रे लोक अधिक पाहतात. तलवारीच्या पूजेला तर गर्दी आवरत नाही. मला मात्र शेषशायीची पूजा सर्वांत अर्थपूर्ण वाटते.

घोरनिद्रेचा काळ हा पितृपक्षाचा उत्तरार्ध असतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. अष्टमीला देवी निजते आणि दुसऱ्या दिवशी अविधवा नवमी येते, जिला सौभाग्यवती म्हणून गेलेल्या बायकांच्या नावाने पान वाढतात. तुळजापुरात निद्रेआधी देवीच्या गाद्यांचा कापूस वेचून, पिंजून घेतला जातो आणि त्या कामाला बायकांची झुंबड उडते. इकडे गावोगावी त्याच सुमारास ‘दसरा काढणे’ सुरू असते. घरातली एकूण एक गोधडी, वाकळ, चादर धुतली जाते, भिंती सारवल्या किंवा रंगवल्या जातात, उतरंडीची भांडी खाली येऊन घासली जातात आणि नदीकाठ, विहिरीचा थारोळा, आता घराची गच्ची, वाळत घातलेल्या गोधड्यांनी भरून जाते. देवीसाठी तिकडे मऊ गादी तयार होत असते आणि इकडे घरातल्या बाईला वर्षातले सगळ्यांत जास्त काम पडलेले असते. माझ्या आजीला हे विसंगत वाटत नसे. तिचे म्हणणे असे की आईने निजावे म्हणूनच लेकींनी राबायचे असते, आणि हे ती तक्रारीच्या सुरात म्हणते की अभिमानाच्या, हे आम्हाला कधी नीट ओळखता आले नाही.

प्रतिपदेच्या पहाटे देवी उठून सिंहासनावर येते आणि दुपारी घटस्थापना होते. त्याच दिवशी घरोघर घट बसतो. आमच्याकडे शेतातली काळी माती आणतात, पत्रावळीवर तिचा थर देऊन त्यात गहू, ज्वारी, हरभरा असे धान्य पेरतात, मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात, त्यावर विड्याची पाने आणि नारळ, आणि शेजारी अखंड तेवणारा दिवा. देव्हाऱ्यातले टाक विड्याच्या पानांवर ठेवले की ते नऊ दिवस हलवायचे नाहीत, त्यांना आंघोळ नाही. रोज एक फुलांची माळ घटावर सोडतात आणि दिवसही माळांनीच मोजतात. तिसरी माळ, पाचवी माळ असे म्हटले की तारीख सांगावी लागत नाही. पुढे कडाकण्यांचा फुलोरा बांधतात. कुणाचा नऊ दिवसांचा उपवास असतो, कुणाचा उठता-बसता. देवळातली देवी उठून युद्धाला सज्ज झालेली आणि घरातली देवी पानावर निश्चल बसलेली, अशी ही उलटी मांडणी आहे. घरातले युद्ध मातीत चाललेले असते. धान कसे उगवते, पिवळे पडते की तरारून वाढते, यावरून जुनी माणसे रब्बीचा अंदाज बांधत. घट म्हणजे बियाण्याची चाचणी असे अलीकडे उत्साहाने सांगितले जाते. त्यात तथ्य असेलही, परंतु नुसती उगवण तपासायची तर त्यासाठी नऊ दिवस दिवा जागवण्याचे कारण नव्हते.

उपासनेचा सगळ्यांत जिवंत भाग देवळाबाहेर आहे, आणि तो आराधी व गोंधळी यांनी सांभाळलेला आहे. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळी मळवट, हातात पोत म्हणजे देवीची पेटती मशाल आणि परडी घेतलेली आराधीण मराठवाड्यात कोणत्याही जातीची असू शकते; देवीला नवस बोलून किंवा घराण्यात चालत आले म्हणून ती माळ घेते. मंगळवारी आणि शुक्रवारी ती पाच घरी जोगवा मागते. पीठ, मीठ जे मिळेल ते परडीत पडते. ती घरची खाऊनपिऊन सुखी असली, तिच्या मुलाची शहरात नोकरी असली, तरीही तिने दारोदार मागायचेच असते. गोंधळी संबळ आणि तुणतुणे घेऊन, दिवटी पेटवून लग्नानंतर घरी गोंधळ घालतात. त्यांच्यात माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई आणि तुळजापूरचे ते कदमराई असे भेद आहेत. महाराष्ट्रात देवीची साडेतीन पीठे मानतात, त्यांतली तुळजापूर आणि माहूर ही दोन पूर्ण पीठे मराठवाड्यात आहेत. त्यामुळे आमच्याकडच्या लग्नात यजमानाला आपण कुणाचे, हे आधी सांगावे लागते. गोंधळात पाचारण सगळ्याच देवतांना होते. तुळजापूरच्या भवानीबरोबर कोल्हापूरची लक्ष्मी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा या सगळ्यांना ‘गोंधळाला यावे’ म्हणून बोलावले जाते. रात्र चढत जाते, संबळाची लय वाढते, आख्यान लागते आणि पोरे तिथेच सतरंजीवर झोपून जातात.

जोगव्याला वेगळी उंची दिली ती पैठणच्या एकनाथांनी. त्यांचा जोगवा आजही आराधिणींच्या तोंडी आहे, आणि त्यात त्यांनी एक मोठी उलथापालथ केली आहे. त्यांचा महिषासुर हा मोह आहे. अनादि, निर्गुण अशी भवानी या मोहरूपी महिषासुराला मारण्यासाठी प्रकट झाली असे ते म्हणतात, आणि मागणारी बाई पीठमीठ न मागता द्वैत बाजूला सारून माळ घालायची इच्छा बोलून दाखवते. मराठवाड्याच्या मातीतल्या या संताने दारोदार परडी फिरवणाऱ्या बाईच्या तोंडी अद्वैत घातले आणि ते तिला पेलले, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. कीर्तनात याचे निरूपण करताना बुवा फार लांबण लावतात. आराधीण तेच पोत नाचवीत म्हणते आणि पुढच्या घरी जाते.

नवमीला होमकुंडावर अजाबळीचा विधी होतो आणि दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन. देवी पुन्हा सिंहासनावरून उतरते ती याच वेळी. मूर्तीला इजा होऊ नये म्हणून तिला अनेक साड्यांमध्ये गुंडाळतात, पालखीत बसवतात आणि संबळाच्या गजरात, कुंकवाच्या उधळणीत देवळाभोवती प्रदक्षिणा होते. पिंपळाच्या पारावर देवी थोडी विसावते. या सोहळ्याची पालखी येते ती नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून आणि पलंग येतो तो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून, जुन्नर, नगर असा मुक्काम करीत. पालखीमागे जानकोजी नावाच्या तेली भक्ताची कथा आहे. देवी लहान मुलीच्या रूपाने त्याच्या घरी राहिली, त्याने तिला लेकीसारखे वाढवले, आणि पुढे ती निघून गेली तेव्हा वर्षातून एकदा तुझ्या पालखीत बसेन असे वचन देऊन गेली, असे सांगतात. दरवर्षी इतक्या लांबून पलंग आणि पालखी वाहून आणण्याचा खटाटोप पाहिला म्हणजे कळते की देवीचे निजणे हा एकट्या पुजाऱ्यांचा विधी नव्हे. सुतार, तेली, गोंधळी, आराधी, महंत, भोपे अशा कित्येकांचा मान त्या एका पलंगाशी बांधलेला आहे, आणि मानावरून होणारे वादही त्यातच आले.

सीमोल्लंघन करून आलेली देवी जी निजते ती श्रमनिद्रा. युद्ध जिंकलेल्या योद्ध्याचा जयजयकार होतो, त्याची मिरवणूक निघते; तो दमला असेल हे कुणी बोलून दाखवत नाही. तुळजापुरात विजयाच्या दिवशीच विजयी देवीला झोपवतात. तिच्या थकव्याला नाव आहे, त्याला दिवस नेमून दिलेले आहेत आणि त्यासाठी अंथरूण लांबून आणलेले आहे. पंढरपुरात याच्या उलट चालते. आषाढीच्या गर्दीत विठोबाचा पलंग काढून ठेवतात, त्याची झोप बंद होते, पाठीशी लोड देतात आणि वारी संपल्यावर प्रक्षाळपूजा करून त्याचा शिणवटा घालवतात. विठोबा भक्तांच्या भेटीने दमतो आणि भवानी युद्धाने दमते, एवढाच फरक. देव दमतो हे मात्र दोन्हीकडे मान्य आहे. दगडाला काय थकवा, असे म्हणणारे म्हणोत. वर्षभर दुसऱ्याचे थकणे न दिसणाऱ्या घरांत निदान देवीचे तरी थकणे दिसते, हे कमी नाही.

श्रमनिद्रा आश्विन पौर्णिमेला संपते, आणि म्हणूनच नवरात्र उलटून गेल्यावरही तुळजापूरची सगळ्यांत मोठी गर्दी पौर्णिमेला होते. सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटर, आणि पलीकडे कर्नाटकातून कितीतरी लांबून, माणसे रात्रभर चालत येतात. रस्ता माणसांनी भरलेला असतो, ठिकठिकाणी चहा, केळी, खिचडी वाटणारे उभे असतात, आणि कन्नड व मराठी उदोकार एकमेकांत मिसळलेले असतात. इतके चालून आलेला माणूस ज्या पहाटे पोहोचतो त्या पहाटे देवी नुकतीच उठून सिंहासनावर बसलेली असते. दिवाळीत मग काळभैरवाची भेंडोळी निघते, जळते पलिते बांधलेला तो दांडा धावत देवळात आणतात. तो सोहळा वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही.

राहिली मोहनिद्रा. हिचे कारण विचारले तर पुजारी, महंत आणि आराधी निरनिराळी उत्तरे देतात, आणि मला सगळ्यांत कोड्यात टाकते तीही हीच. एकनाथांनी ज्याला महिषासुर म्हटले तो मोह. मग देवीच्याच एका झोपेला त्याचे नाव कसे? याचे उत्तर मला पुन्हा देवीमाहात्म्याच्या आरंभी सापडते. राज्य गमावलेला सुरथ राजा आणि बायकापोरांनी घराबाहेर काढलेला समाधी नावाचा वैश्य, हे दोघे मेधा ऋषींच्या आश्रमात भेटतात. ज्यांनी फसवले त्यांच्याचविषयी आपले मन अजून का ओढ घेते, असे ते ऋषींना विचारतात. ऋषी सांगतात की ज्ञानी माणसांचीही मने बळाने ओढून मोहात टाकणारी ती महामायाच आहे, आणि प्रसन्न झाली म्हणजे सोडवणारीही तीच. ग्रंथाच्या शेवटी ती दोघांना वर देते तेव्हा राजा राज्य मागतो आणि ते त्याला मिळते. वैश्य ज्ञान मागतो आणि त्याला ते मिळते. राज्य मागणाऱ्याला ती हसत नाही. मोह हा देवीच्या बाहेरचा शत्रू नाही, तो तिचाच आहे, आणि म्हणून ती तो पांघरून निजूही शकते, असा मी याचा अर्थ लावतो. एकनाथांशी हे जुळत नाही असे कुणाला वाटेल, पण त्यांची भवानीही निर्गुणातूनच प्रकटलेली आहे.

या निद्रेची वेळही मोठी बोलकी आहे. मार्गशीर्षातली वेळा अमावस्या आमच्या लातूर-धाराशिवकडचा सगळ्यांत मोठा शेतसण. त्या दिवशी गाव ओस पडते आणि शिवार भरून जाते. शेतात कडब्याचा कोप म्हणजे खोपटे करतात, त्यात पाच दगडांचे पांडव मांडतात, नाना भाज्या आणि ओल्या शेंगा घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील यांचा नैवेद्य होतो, आणि भरात आलेल्या ज्वारी-हरभऱ्यातून आंबील शिंपडत फिरतात. हा सण सरला आणि पौष लागला की देवी मोहनिद्रेला जाते. शेतात पीक पोटऱ्यात असते, निसवायचे असते. माणसाच्या हातात राखणीखेरीज काही उरलेले नसते. आठवड्याने, पौष शुद्ध अष्टमीला, देवी उठते ती शाकंभरी म्हणून. पौर्णिमेपर्यंत हे दुसरे नवरात्र चालते. त्यात पुन्हा घट बसतो, पुन्हा अलंकार पूजा होतात आणि जलयात्रा निघते.

शाकंभरीची कथाही देवीमाहात्म्यातच आहे. शंभर वर्षे पाऊस पडणार नाही, पृथ्वीवर पाणी उरणार नाही, तेव्हा मी येईन, शंभर डोळ्यांनी मुनींकडे पाहीन, आणि पाऊस पडेपर्यंत माझ्या स्वतःच्या देहातून उगवलेल्या शाकांनी सगळ्या लोकांना जगवीन, असे देवी तिथे सांगते. पाऊस पाडीन असे वचन यात नाही, हे मुद्दाम वाचण्यासारखे आहे. पाऊस येईपर्यंत जगवीन, एवढेच आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी खडी फोडून काढला, आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेले ज्यांनी पाहिले, त्यांना या दोन वचनांतला फरक निराळा समजावून सांगावा लागत नाही. आमच्या घरी पौष पौर्णिमेला जमतील तितक्या भाज्यांचा नैवेद्य होतो. दुष्काळी साली तो चुका, चाकवत आणि वाळवलेल्या गवारीवर भागवला जाई असे आई सांगते, आणि नैवेद्य चुकला असे काही तिला आठवत नाही.

पौष पौर्णिमा झाली की तीन निद्रांचे चक्र पुरे होते. माघ, फाल्गुन, चैत्रातली येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा, वैशाखाचे ऊन, आटलेल्या विहिरी, टँकरच्या रांगा, ज्येष्ठात मृगाकडे लागलेले डोळे, पेरणी, दुबार पेरणी, या सगळ्या काळात तुळजापूरचा पलंग रिकामा असतो. चरणतीर्थापासून रात्रीच्या प्रक्षाळपूजेपर्यंत देवी रोज सिंहासनावर असते, आणि मंगळवारी-शुक्रवारी परडी घेतलेल्या बायका उन्हातान्हात पाच घरे फिरत असतात.